चवितीचे कुडुमुलु

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या सकाळी कोकणातल्या घरात मोदकपात्राच्या झाकणाखालून वाफेचे पहिले धागे निघू लागतात. त्याच घटकेला देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, गोदावरी जेथे फाटे फुटून समुद्राला मिळते त्या मुलखातही, घरोघरी चुलीवर एक भांडे चढलेले असते आणि त्याच्या झाकणाखालूनही तसलीच वाफ निघत असते. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली नदी मराठी मुलूख ओलांडून तेलंगणात शिरते, आंध्रात समुद्राला पोहोचते. आणि तिच्या दोन्ही टोकांना त्या दिवशी एकाच देवासाठी तांदळाचे पीठ वाफेवर शिजत असते. दैवत एक, तिथी एक, धान्य एक. मात्र भांड्यात जे असते ते एक नव्हे. तेलुगू घरातल्या भांड्यात असतात कुडुमुलु आणि उंड्राळ्ळु.

या पदार्थांची ओळख करून देताना ‘तेलुगू लोकांचे मोदक’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह मराठी माणसाला नेहमी होतो. तो आवरलेला बरा. मोदकाला पारी आहे, सारण आहे, कळ्या आहेत, नाक आहे. त्याच्या रूपातच एक प्रकारचा थाट आहे. कुडुमु हा त्या मानाने अगदी साधा गडी. शिजवलेल्या उकडीचा मुठीत मावेल एवढा गोळा घ्यावा, तो तळहातावर किंचित चेपावा, वाफेवर ठेवावा, की झाला कुडुमु. उंड्राळ्ळु तर त्याहूनही साधे. तेलुगूत ‘उंड’ म्हणजे गोळा. आपल्या घरात कणकेचा उंडा म्हणतात, त्या शब्दाची येथे सहज आठवण होते. कन्नड मुलखात ‘कडुबु’ आहे, तो सीमा ओलांडून ‘कडबू’ या नावाने आपल्याकडे आला आणि येथे येऊन तेलात पडला. कडुबु आणि कुडुमु हे शब्द कानाला एकाच कुळातले वाटतात. असे पदार्थ आणि त्यांची नावे भाषांच्या सीमेवर फार काळ एका जागी राहत नाहीत.

या मिश्रणाची एक जुनी साक्षही आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. तांदळाच्या पिठात गोड सारण भरून, वेलदोडा व कापूर यांनी सुवासिक केलेल्या मोदकांचे वर्णन त्यात येते आणि त्यांना ‘वर्षोपलगोलक’, म्हणजे पावसाळी गारांसारखे गोळे, असे गोड नाव दिलेले आहे. हे कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा तेथून हाकेच्या अंतरावर आहेत. पांढरीशुभ्र गार कोणाच्या ताटात आधी पडली, हा वाद तेथे उभे राहून घालण्यात अर्थ नाही.

उंड्राळ्ळु बहुधा तिखटमिठाचे नव्हे, नुसते मिठाचे असतात. कुडुमुलु गोडही असतात आणि अळणीही. घराघरांत या दोन नावांची अदलाबदलही होते. गोदावरी जिल्ह्यांत ‘आविरि कुडुमु’ म्हणून उडदाच्या वाटलेल्या पिठाचा, इडलीच्या कुळातला एक प्रकार आहे, त्याचा या नैवेद्याशी संबंध नाही. पण ‘आविरि’ म्हणजे वाफ, हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. या दिवसाच्या नैवेद्यात तळणही असते, खीरही असते. परंतु एकवीस या संख्येने मोजून देवापुढे ठेवावयाचे ते वाफेचेच.

आणि वाफेसाठी लागते ते काय? तांदूळ, गूळ, नारळ, मूठभर हरभऱ्याची डाळ, थोडे तूप, थोडे मीठ, दोन वेलदोडे. यादी लहान आहे खरी, परंतु तिच्यातला पहिला जिन्नस सर्वांना सदैव सुलभ होता असे समजू नये. गोदावरीच्या मुखाजवळचा प्रदेश आज भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. १८५२ साली आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली धवळेश्वरम् येथे नदीवर बंधारा पुरा झाला आणि कालव्यांनी त्या सपाट भूमीला पाणी मिळाले, तेव्हापासूनचे हे वैभव. त्यापूर्वी त्याच किनारपट्टीने दुष्काळाचे भीषण दिवस पाहिले होते; १८३३ च्या सुमाराच्या गुंटूरच्या दुष्काळाची आठवण तेथे दीर्घकाळ टिकली. तेलंगणात आणि रायलसीमेत तर ज्वारी, बाजरी, नाचणी हेच रोजचे अन्न होते. सणासुदीला ताटात भात पडणे हीच तेथे मेजवानी. मराठवाड्यातल्या कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि ज्वारीची भाकरी ही दोहोंची सारखीच सोबतीण होती. पुढे १९८३ साली आंध्र प्रदेशात दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्याची योजना सुरू झाली, तेव्हा भात हा केवळ सणाचा राहिला नाही. जुन्या माणसांना मात्र तांदळाच्या पिठाचा एकविसावा गोळा पुरा होईपर्यंत डब्याच्या तळाकडे पाहत राहिलेली आई आठवते. संख्येला तडजोड नाही. एकवीस म्हणजे एकवीस. आकाराचे बंधन मात्र कोठे सांगितलेले नाही. ज्या वर्षी तांदूळ थोडा, त्या वर्षी कुडुमुलु लहान; आणि देवाने त्याबद्दल तक्रार केल्याचे कोणी ऐकलेले नाही.

कामाचा आरंभ आदल्या दिवशी होतो. कच्चे, म्हणजे न उकडलेले तांदूळ धुऊन रात्रभर भिजत घालावयाचे. सकाळी ते उपसून, निथळून, सावलीत स्वच्छ कापडावर पसरावयाचे. उन्हात नव्हे. वरचे पाणी जावे, पण दाण्याच्या पोटातली ओल राहावी, एवढाच वेळ. मग रोलु आणि रोकली, आपले उखळ आणि मुसळ. अशा दमट तांदळाचे पीठ कांडून काढले, चाळले, की ते मऊ आणि जिवंत होते. मुठीत दाबले तर त्याचा गोळा राहतो, बोटाने ढकलला तर फुटतो. कोरड्या तांदळाच्या पिठाला हा गुण येत नाही. दाणा भिजून नरम झालेला असल्याने तो कुटताना बारीक होतो, घर्षणाने तापत नाही, आणि अशा पिठाची उकड गुळगुळीत उतरते. उंड्राळ्ळांसाठी मात्र पीठ नको, रवा हवा. धुऊन वाळवलेले तांदूळ तिरगलीवर, म्हणजे जात्यावर, भरडावयाचे आणि चाळून त्यातले पीठ काढून टाकावयाचे. पीठ राहिले तर रव्याचा लगदा होतो आणि गोळा तोंडात चिकटतो. चाळणीने काढलेले पीठ वाया जात नाही. ते गोड कुडुमुलांकडे वळते.

आज पुष्कळ घरी रवा आणि पीठ दोन्ही पिशवीतून येतात. त्याबद्दल उसासे टाकण्याचे कारण नाही. मुसळाखाली ज्यांचे खांदे झिजले त्यांनी ते उसासे टाकलेले नाहीत. फक्त एवढेच की, पिशवीतले पीठ कोरडे असते, त्याला पाणी अधिक लागते, आणि किती अधिक हे पिशवीवर लिहिलेले नसते.

येथून पुढे खरी कसोटी लागते. चवितीचा स्वयंपाक ‘मडि’त होतो. मडि म्हणजे आपले सोवळे. स्नान करून, वेगळे वाळवलेले वस्त्र नेसून, कोणाला न शिवता हे काम करावयाचे असते. आणि त्याहून कठीण नियम असा की देवाला दाखवीपर्यंत चव घ्यावयाची नाही. जिभेवर एक कणही ठेवावयाचा नाही. स्वयंपाक करणाऱ्या माणसाचे मुख्य हत्यार म्हणजे जीभ. तीच काढून घेतल्यावर उरतात डोळा, नाक, कान आणि हात. नव्याने सासरी आलेल्या सुनेची पहिली चविति म्हणूनच तिच्या लक्षात राहते. पाण्यात मीठ पडले आहे, ते पुरेसे पडले की नाही हे तिला कळत नाही, आणि विचारावे तर सासूबाई, तेलुगू घरातल्या अत्तय्या, फुले निवडता निवडता मान वर न करताच म्हणतात, “अम्मायी, पाण्याचा वास घे.” मिठाच्या पाण्याला वास असतो काय? असतो, असे जुन्या बायका म्हणतात. उकळताना वाफेबरोबर तो किंचित नाकाशी येतो. रसायनशास्त्र त्याला मान्यता देणार नाही. तथापि मूठ ठरलेली, भांडे ठरलेले, आणि वीस वर्षे तेच मीठ, अशा ठिकाणी नाक काय सांगते आणि सवय काय सांगते हे वेगळे काढणे अवघड आहे.

उंड्राळ्ळांची उकड अशी करतात. पितळी भांड्यात चमचाभर तूप, त्यात जिरे तडतडले की तास-अर्धा तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ, आणि लगोलग पाणी. एक माप रव्याला दोन मापे पाणी. तांदूळ नव्या हंगामाचा असेल तर हात आखडता, कारण नवा तांदूळ पाणी कमी पितो. पाण्याला खळखळ उकळी आली की मीठ, आणि मग एका हाताने रवा सोडीत दुसऱ्या हाताने ढवळीत राहावयाचे. झाकण ठेवून मंद आचेवर पाणी आटू द्यावयाचे. येथे कान उपयोगी पडतो. आधी भांडे खदखदते, मग पुटपुटते, मग त्याचा आवाज बंद होतो. आवाज थांबला की भांडे उतरावयाचे. थोडा वेळ अधिक राहिले तर तळ धरतो. कोमट झाल्यावर ओल्या हातांनी लिंबाएवढे गोळे वळावयाचे आणि वाफेवर दहा-बारा मिनिटे ठेवावयाचे. आधीच शिजलेला रवा पुन्हा वाफवावयाचा कशाला, असे कोणालाही वाटेल. हाताने वळलेला गोळा हा एकत्र दाबलेल्या कणांचा ढीग असतो. वाफ त्या कणांच्या बाहेरचे पिठूळ भाग पुन्हा मऊ करते आणि निवताना ते एकमेकांना घट्ट धरतात. वाफ न दिलेला उंडा ताटातच विस्कटतो.

गोड कुडुमुलांचा मामला अधिक नाजूक. आंध्रात अनकापल्लीची गुळाची पेठ नावाजलेली आहे, तिचे तेथे जे स्थान ते आपल्याकडे कोल्हापूरचे. पीठ एक माप असेल तर गूळ अर्ध्यापासून पाऊण मापापर्यंत. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यावयाचा, कारण गुळातली एक वाळूची कणीसुद्धा देवाच्या दाताखाली जाऊ नये. देवाला एकच दात आहे, असा विनोदही त्यावर तेथे होतो. गाळलेले पाणी उकळले की त्यात ओल्या नारळाचा चव, वेलदोडा, तूप आणि आधी शिजवून घेतलेली डाळ. ‘आधी शिजवून घेतलेली’ हे शब्द महत्त्वाचे. गुळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही. कितीही जाळ लावा, दाणा आपला कणखरपणा सोडीत नाही. पुरण घालणाऱ्या प्रत्येक मराठी गृहिणीला हे ठाऊक आहे, आणि तेलुगू गृहिणीलाही. पिठाचेही तेच. साध्या पाण्यात तांदळाचे पीठ ज्या आचेला फुलते आणि चिकट होते, त्याहून अधिक आच त्याला गुळाच्या पाण्यात लागते. साखर पाण्याला आपल्याकडे ओढून धरते आणि पिठाला ते उशिरा मिळते. म्हणून गोड उकडीला घाई चालत नाही. वरून ती शिजल्यासारखी चकाकते आणि आत पीठ कच्चे असते. आणि चाखून पाहण्याची तर मनाई! मग बोट ओले करून उकडीवर टेकवावयाचे. पीठ बोटाला लागले तर कच्चे, न लागले तर झाले. हा बोटाचा निवाडा सहसा चुकत नाही.

त्या उकडीचे गोळे करून तळहातावर दाबले की मध्यभागी अंगठ्याचा वा बोटांचा ठसा उमटतो. तो मुद्दाम काढलेला नसतो, पण पुसतही नाहीत. एकाच ताटातल्या कुडुमुलांवरून आजीचा हात कोणता आणि नातीचा कोणता हे घरातल्या माणसांना ओळखू येते.

भरलेले प्रकारही आहेत, आणि मोदकाशी नाते सांगावयाचेच झाले तर ते या शाखेचे. हरभऱ्याची डाळ शिजवून गुळात घोटलेले सारण ‘पूर्णम्’ म्हणजे आपले पुरण. ते तांदळाच्या उकडीच्या पारीत भरून पूर्णम् कुडुमुलु होतात. नारळ आणि गूळ आटवून केलेल्या सारणाला तेथे ‘कोब्बरी लौजु’ म्हणतात. कोब्बरी हा शब्द आपल्या खोबऱ्याची आठवण देतो. हे लौजु भरून एक लांबट, पोटाशी फुगीर, टोकाला निमुळता आकार करतात, त्याचे नाव जिल्लेडु कायलु. जिल्लेडु म्हणजे रुई. रुईच्या झाडाला जोडीने लागणारी, होडीसारखी वाकलेली हिरवी फळे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हा आकार तत्काळ कळेल. मोदकाचा घाट कमळकळीकडे पाहून घडला असे म्हणतात. तेलुगू हातांनी मात्र नमुन्यासाठी उकिरड्यावर, माळावर, वाटेच्या कडेला कोठेही उगवणारे, चीक गाळणारे, जनावरेही ज्याला तोंड लावीत नाहीत असे झुडूप निवडले. तसे ते देवाला परके नाही. त्या दिवशी वाहावयाच्या एकवीस पत्रींत अर्कपत्र, म्हणजे रुईचे पान, आहेच. पान पूजेत आणि फळाचा आकार नैवेद्यात.

वाफेच्या भांड्याविषयी दोन शब्द. आज सर्वत्र इडलीपात्र आहे. त्याच्या आधी मातीच्या किंवा पितळेच्या रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी उकळत ठेवून त्याच्या तोंडावर स्वच्छ ओले कापड ताणून बांधीत आणि त्या कापडावर गोळे मांडून वरून दुसरे भांडे उपडे घालीत. या कापडाला ‘वासेन’ म्हणतात. कोनसीमेत फणसाच्या पानांचे टोपलीवजा द्रोण टाचून त्यात इडलीचे पीठ उकडण्याची रीत अजून आहे. त्या पानाचा वास पिठाला लागतो, तो लोखंडी वा पोलादी साच्याला साधत नाही. कोकणात हळदीच्या पानात पातोळे होतात त्याच जातीची ही युक्ती. भांडे कोणतेही असो, नियम एकच: पाण्याला पूर्ण उकळी आल्यावाचून गोळे आत ठेवावयाचे नाहीत. उकळत्या पाण्याची वाफ थंड गोळ्याला स्पर्श करते, तेथेच तिचे पाणी होते आणि तसे होताना ती आपल्यात साठवलेली सगळी उष्णता गोळ्याला देऊन टाकते. वाफेची पकड जलद असते ती याचमुळे. अर्धवट तापलेल्या पाण्यावर ठेवलेला गोळा मात्र नुसता घामेजतो, खालून चिकट होतो आणि उचलताना तुटतो. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब वरून पडले तर गोड कुडुमुलांवर खड्डे पडतात, म्हणून झाकणाला कोरडे फडके गुंडाळतात.

तुटलेला कुडुमु देवापुढे जात नाही. या एका वाक्यात त्या सकाळची सारी धाकधूक आहे. बावीस-तेवीस करून ठेवण्याची दूरदृष्टी ज्या घरात असते तेथे प्रश्न येत नाही; पण मोजून मापून तांदूळ आणलेल्या घरात एकविसावा तडकला तर काय करावयाचे? पुन्हा मळून, पुन्हा वळून, पुन्हा वाफेवर. तोवर बाहेर पुरोहित किंवा घरातलेच कोणी पोथी उघडून बसलेले, मुले उपाशी, आणि सगळ्यांचे डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे.

बाहेर मांडलेली पूजाही पाहण्यासारखी असते. मूर्तीच्या वर ‘पालवेल्ली’ टांगलेली असते, म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकोनी चौकट. तिला आंब्याची डहाळी, फुले आणि ऋतूतली फळे, मक्याची कणसे बांधलेली असतात. कोकणातल्या गणपतीवरची माटोळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती आपलीच वाटेल. मुले आपली पुस्तके मूर्तीजवळ आणून ठेवतात, हळद-कुंकू लावतात, कान धरून उठाबशा काढतात. या उठाबशांना ‘गुंजीळ्ळु’ असे नाव आहे आणि त्यांत भक्तीपेक्षा चढाओढच अधिक. एक तेलुगू म्हण आहे, तिचा अर्थ असा की, भक्ती आहे ती उंड्राळ्ळांवर, विघ्नेश्वरावर नव्हे. हे लहानांनाच लागू आहे असे म्हण रचणाऱ्याने कोठे म्हटलेले नाही.

पूजेनंतर कथा. हातात अक्षता घेऊन सर्वांनी ती ऐकावयाची. चंद्र गणपतीला हसला ही गोष्ट मराठी घरांतही सांगतात. आपल्याकडे तो बहुधा उंदरावरून घसरतो. तेलुगू व्रतकथेतले कारण अधिक घरगुती आहे. भक्तांनी दिलेले कुडुमुलु आणि उंड्राळ्ळु पोटभर खाऊन विनायक कैलासाला परत येतो आणि आईबापांना साष्टांग नमस्कार घालू लागतो. पोट जमिनीला टेकते तर हात टेकत नाहीत. हात टेकवावे तर पाय अधांतरी. भर पोटाने नमस्कार करण्याची ही धडपड शिवाच्या मस्तकावर बसलेल्या चंद्राला दिसते आणि तो हसतो. त्या दृष्टीने विनायकाचे पोट फुटते, सगळे कुडुमुलु बाहेर विखुरतात आणि मूल गतप्राण होते. पार्वती चंद्राला शाप देते: तुझ्याकडे जो पाहील त्याच्यावर खोटा आळ येईल. त्या शापाने प्रथम पोळतात त्या सप्तर्षींच्या निरपराध स्त्रिया, आणि पुढे, शाप चतुर्थीच्या एका दिवसापुरता कमी झाल्यावरही, स्यमंतक मणी चोरल्याचा ठपका प्रत्यक्ष कृष्णावर येतो. कथा संपली की अक्षता डोक्यावर टाकावयाच्या, म्हणजे त्या रात्री चुकून चंद्र दिसला तरी बाध नाही.

कथेतले हसू खाण्याला नव्हे, नमस्काराला होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पोरगे आईच्या पायाशी वाकू पाहते आहे आणि वाकता येत नाही. बघणाऱ्याने त्यात हसण्यासारखे काय पाहिले, हा पार्वतीचा संताप आहे. ज्या बायकांनी सकाळपासून जिभेला न लावता एकवीस गोळे वळले त्या ही कथा ऐकत बसलेल्या असतात, आणि सप्तर्षींच्या स्त्रियांवर आलेल्या आळाचा प्रसंग आला की त्यांच्यातल्या गप्पा थांबतात.

मग पाने मांडली जातात. तेव्हा कोठे कळते की मीठ बरोबर पडले होते की नाही.

हा सण आता केवळ आंध्र-तेलंगणाच्या सीमेत राहिलेला नाही. सोलापूरच्या पूर्व भागात पिढ्यान् पिढ्या राहिलेली पद्मशाली विणकरांची घरे तेलंगणातून आलेली आहेत; मुंबईच्या बांधकामांवर खपलेली कामाठी मंडळीही तिकडचीच. अशा घरांतली मुले मराठी शाळांत शिकतात, गल्लीतल्या सार्वजनिक गणपतीपुढे मराठी आरती म्हणतात, आणि घरी आजी ‘बिय्यपु पिंडि’ म्हणते त्याला तांदळाचे पीठ म्हणतात हेही जाणतात. शेजारणीकडून मोदकांची ताटली आली की रिकामी परत पाठवावयाची नाही, हा नियम दोन्ही भाषांत सारखाच आहे. शेजारीण कुडुमु उलटसुलट करून पाहते आणि सारण कोठे आहे असे विचारते. सारण नाही, डाळ आहे, खोबरे आहे, ते अंगातच मिसळलेले आहे, असे उत्तर मिळते. पहिल्या वर्षी तिला तो अपुरा मोदक वाटतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती आपण होऊन विचारते, यंदा उशीर का झाला?

उरलेले उंड्राळ्ळु दुसऱ्या सकाळी दगडासारखे होतात. शिजलेल्या तांदळाचे पीठ निवताना पुन्हा आवळून येते आणि त्यातले पाणी बाहेर पडू लागते. ते टाकून देणे कोणाच्या मनातही येत नाही. पुन्हा एक वाफ दिली की ते मऊ होतात. नाहीतर कुस्करून, मोहरी, सुकी मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी देऊन न्याहारीला वाढतात. पुष्कळांच्या मते हीच त्यांची खरी गोडी, आणि हे मत अगदीच बाजूला सारण्याजोगे नाही.

वाफेचे भांडे मात्र इतक्यात माळ्यावर जात नाही. तेलुगू पंचांग आपल्यासारखेच अमान्त असल्याने पौर्णिमेनंतरचा वद्य पक्ष हा भाद्रपदातलाच. त्यातल्या तृतीयेला, म्हणजे पंधरवड्याच्या आत, ‘उंड्राळ्ळ तद्दि’ येते. हे बायकांचे व्रत, देवता गौरी, नैवेद्य पुन्हा उंड्राळ्ळांचा. येथे संख्या पाचाची. या व्रताची कथा विलक्षण आहे. एका राजाला सात राण्या होत्या, पण त्याचे मन गुंतले होते ते चित्रांगी नावाच्या वेश्येत. राण्या तद्दीचे व्रत करीत आहेत हे ऐकून चित्रांगीने राजाकडे व्रताचे साहित्य मागितले, तिनेही उपवास करून गौरीपुढे उंड्राळ्ळु ठेवले, पाच वर्षे व्रत चालवून उद्यापन केले आणि ती सद्गतीला गेली. कथेत तिला कोणी अडवीत नाही. तिच्या हातचे गौरीला चालले की नाही, अशी शंकाही कोणी काढीत नाही. सोवळ्याओवळ्याचे इतके कडक नियम पाळणाऱ्या घरांतून ही कथा दर वर्षी वाचली जाते.

तद्दीच्या दिवशी मुली पहाटेच उठून जेवतात, मग झाडाला बांधलेल्या झोपाळ्यांकडे पळतात. घरात भांड्यात पाणी चढते, उकळी येण्याची वाट पाहिली जाते, आणि चतुर्थीला धुऊन वाळवलेले वासेनाचे कापड पुन्हा भिजवून भांड्याच्या तोंडाला बांधले जाते.